१४९ कवट्या आणि एक विद्यार्थिनी

शुक्रवार पेठेत कुणाच्या घरची ताई परदेशी शिकायला निघाली, की आधीचे आठ दिवस घरात एकच काम चालतं. बॅग भरायची, काट्यावर ठेवायची आणि पुन्हा उपसायची! शेंगाची चटणी हवीच. कडक भाकरी हवीच, ती कितीतरी दिवस टिकते. चादरीनं वजन वाढतं खरं, पण सोलापूरची पोर चादरीशिवाय जाणार कशी? शेवटी दोन पुस्तकं बाहेर निघतात आणि चादर आत जाते.

दोस्तांनो, हल्ली कॉलेजातली बरीच मुलंमुली एखादं सत्र, म्हणजे सेमिस्टर, परदेशात जाऊन शिकतात. युरोपात तर १९८७ सालापासून ‘इरॅस्मस’ नावाची योजनाच आहे. एका देशाच्या विद्यार्थ्यानं काही महिने दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात शिकायचं आणि परत यायचं. जर्मनीत वर्षाची दोन सत्रं असतात. हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं आणि उन्हाळी एप्रिलला. आपल्यासारखा जूनचा पाऊस, नवी छत्री, वह्यांना कव्हरं, असला प्रकार तिथं नाही.

परदेशी गेलेला सोलापूरकर म्हटलं की तुम्ही लगेच डॉ. कोटणीसांचं नाव घ्याल. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक तुम्ही पाहिलं असेलच. पण ते १९३८ साली चीनला गेले, तेही डॉक्टर म्हणून. आजची गोष्ट त्यांच्याही दहा वर्षं आधी बर्लिनला गेलेल्या एका विद्यार्थिनीची आहे. तिचं नाव इरावती कर्वे.

इरावती हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवरून. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते आणि तिथंच, म्यिंजान गावी, १५ डिसेंबर १९०५ रोजी या मुलीचा जन्म झाला. सातव्या वर्षी ती शिकायला पुण्यात आली, हुजूरपागेत. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी राहून वाढली. परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले हिंदी विद्यार्थी. अशा घरात पुस्तकांना काय तोटा! फर्ग्युसनमधून बी.ए., मग मुंबईला प्राध्यापक घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र आणि १९२८ साली एम.ए. एव्हाना लग्नही झालं होतं. नवरा दिनकर कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे!

ज्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी उभं आयुष्य वेचलं, त्यांना सूनबाईंच्या जर्मनीला जाण्याचा केवढा आनंद झाला असेल, असं वाटतं ना? छे! अण्णांचा विरोध होता. पण दिनकररावांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती आणि बायकोनंही करावी, असा त्यांचा हट्ट होता. पैसे नव्हते, तेव्हा डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई निघाल्या. (गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, ७१ व्या वर्षी, अण्णा स्वतःच युरोपच्या दौऱ्यावर गेले!)

आता जरा विचार करा. वय बावीस. बर्लिनचा हिवाळा, चार वाजताच अंधार. आजच्यासारखा रोजचा व्हिडीओ कॉल नाही. घरून पत्र यायचं तेही बोटीनं. भाषा जर्मन. आपल्या सोलापुरात गल्लीत खेळता खेळता पोरं मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषा उचलतात, कुणी व्याकरणाचं पुस्तक उघडत नाही. पण परक्या भाषेत नुसतं बोलणं वेगळं आणि त्या भाषेत विज्ञानाचा प्रबंध लिहून तो विद्वानांपुढे मांडणं वेगळं. इरावतीबाईंनी ते केलं.

बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंशशास्त्राची शाखा नुकतीच, १९२७ साली, उघडली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर, आणि तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशरसाहेबांचं एक ठाम मत होतं. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग जास्त वाढलेला असतो, म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात आणि म्हणूनच तो इतरांपेक्षा जास्त बुद्धीनं वागतो! सरांच्या या मताला आधार मिळेल का, हे कवट्या मोजून बघण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं.

असमान बाजू म्हणजे काय, ते घरी करून बघा. तुमचा समोरून काढलेला एक फोटो घ्या. नाकाच्या मधोमध छोटा आरसा उभा धरा. आधी डाव्या बाजूचा चेहरा पूर्ण करून बघा, मग उजव्या. दोन वेगळीच मुलं दिसतील! कुणाचेच दोन अर्धे भाग हुबेहूब सारखे नसतात. पायांचंही तसंच. चपलेच्या दुकानात एका पायाला बरोबर बसलेली चप्पल दुसऱ्याला कधीकधी चावते, ती उगीच नाही.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपीय माणसांच्या, काही युरोपाबाहेरच्या. प्रत्येक कवटीची डावी बाजू, उजवी बाजू, त्यांतला फरक, मग पुढची कवटी. कंटाळवाणं काम, पण मिलिमीटरची चूक चालायची नाही. आणि आकडे काय सांगत होते? असमानता सगळ्यांच्याच कवट्यांत होती. गोऱ्यांची वेगळी आणि इतरांची वेगळी, असं काही निघेना.

इथं खरी पंचाईत. प्रबंध तपासणार कोण? फिशर. डिग्री कुणाच्या हाती? फिशरच्या. डिग्री नाही मिळाली तर कर्ज डोक्यावर घेऊन रिकाम्या हातानं परतायचं आणि ‘नको म्हटलं होतं’ हे ऐकायचं. अशा वेळी चार आकडे इकडचे तिकडे करायचा मोह एखाद्याला झाला असता. किंवा गोलमाल भाषेत लिहून सुटता आलं असतं. इरावतीबाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. वंशाचा आणि कवटीच्या असमानतेचा संबंध दिसत नाही, असं लिहिलं. फिशरनी त्यांना सगळ्यांत खालची श्रेणी दिली. पण डिग्री मिळाली! १९३० साली इरावतीबाई डॉक्टर होऊन परतल्या.

तीनच वर्षांत जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘आमचा वंश श्रेष्ठ’ हे खुळ पुढे किती लाख माणसांच्या जिवावर उठलं, ते तुम्ही इतिहासात शिकाल. त्यात या संस्थेचाही हात होता. ऑशविट्झच्या छळछावणीत मारलेल्या माणसांचे अवयव तपासणीसाठी इथं पाठवले जात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. माणसं मोजण्याची ती पद्धत इरावतीबाईंनी परतल्यावरही सोडली नाही. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंच्या त्यांनी मोजल्या. आजचं विज्ञान त्या मार्गानं जात नाही. मला त्यांचं दुसरं काम जास्त आवडतं. मोजपट्टी बाजूला ठेवून त्या माणसांत मिसळल्या, ते काम. आपल्या पंढरपूरच्या वारीत त्या पायी चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे भजन एकत्र म्हणतात, पण जेवायला वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिलं, त्यांना ते खुपलं आणि त्यांनी ते लिहिलंही. बर्लिनला लिहिलं तसंच, जसं दिसलं तसं. पुण्यात त्या स्कूटरवरून फिरत तेव्हा लोक वळून बघत! महाभारतावरच्या त्यांच्या ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

आणि त्या संग्रहातली हाडं? त्यांतली बरीच वसाहतींमधून आणलेली. कुणी परवानगी विचारली नव्हती. २०१४ साली डालेममध्ये, जुन्या संस्थेच्या जवळच, खोदकाम करताना मानवी हाडांचे तुकडे सापडले. शोधत गेल्यावर सुमारे १६ हजार! ती माणसं कोण होती, हे शोधण्यासाठी हाडांवर आणखी चाचण्या करायच्या नाहीत, असं ठरलं. मार्च २०२३ मध्ये डालेमच्याच स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं. संस्थेची इमारत आजही इन रस्त्यावर, २२ क्रमांकाला उभी आहे. इथं काय घडलं ते सांगणारी पाटी १९८८ पासून तिच्या भिंतीवर आहे. इमारत आता बर्लिनच्या फ्री विद्यापीठाकडे आहे आणि ऑक्टोबर उजाडला की नव्या सत्राची मुलं दप्तरं घेऊन त्याच पाटीवरून आत जातात.