आधी हवा, मग शॉकअप

सकाळी 7.30
गाडी नीट तपासून हवी असेल तर ती आदल्या रात्रीच सोडून जायची, असा माझ्या गॅरेजचा नियम आहे. दांडिया बाजारात रात्रभर गाडी ठेवायला लोक कुरकुरतात, पण हवा मोजायची ती थंड टायरची. मे महिन्यात बडोद्याची सकाळ तिशीच्या आत असते आणि दुपारी पारा बेचाळिशीला टेकतो. टायरमधली हवा दर सात-आठ अंशांमागे साधारण एक पीएसआयने चढते. उन्हात उभी राहिलेली गाडी घेऊन माणूस पंपावर जातो, ‘जास्त झाली’ म्हणून हवा कमी करून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस-बावीसवर फिरतो. मग हँडल जड लागतं आणि शिव्या कंपनीला बसतात.

आज पहिली दीडशेची पल्सर. मालक टेक्नॉलॉजी फॅकल्टीतला पोरगा. दर रविवारी पावागडला जातो, मागे मित्र असतोच. त्याची तक्रार: “काका, माचीच्या वळणांवर पुढचं चाक सुटतं. जाडा टायर टाकू का?”

गेज लावला, पुढे 34. पुस्तकात 25 दिलंय. पंक्चरवाल्याने ‘टाइट राहील’ म्हणून भरून दिली असणार. इतक्या हवेवर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि बारीक खडीवर चाक टेकण्याऐवजी उडत राहतं. मोटोजीपीत पुढच्या टायरला किमान 1.8 बार म्हणजे जेमतेम 26 पीएसआय हवा ठेवावी लागते, तीही धावताना, तापलेल्या टायरची. 2025 च्या मार्चमध्ये थायलंडला मार्क मार्केझ पहिला होता. पुढची हवा कमी पडतेय हे कळल्यावर त्याने मुद्दाम भावाला पुढे जाऊ दिलं आणि त्याच्या गाडीमागच्या गरम हवेत राहून टायर तापवला. शर्यत शेवटी जिंकलीच. तिथे एकेका पीएसआयसाठी पहिली जागा सोडतात, आणि इथे नऊ जास्त असून कुणाला पत्ता नाही.

सकाळी 8.15
हवा 25 केली म्हणून प्रश्न मिटला नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. इथे 1219, म्हणजे 2019 चा बारावा आठवडा. गाडी जुनी घेतलेली आहे, टायर तिच्याबरोबर कारखान्यातून आलेला. खाचा अजून शिल्लक दिसतात, म्हणून पोरगा निश्चिंत. कायद्याला दुचाकीच्या टायरवर 0.8 मिमी खाच पुरते, पण रबर कडक झालंय हे कायदा पाहत नाही. नख दाबलं तर रुततच नाही. शिवाय कधीतरी पंक्चर काढताना टायर उलटा बसवलाय, बाण मागच्या दिशेला. पुढच्या चाकावर मुख्य जोर ब्रेकचा येतो, मागच्यावर इंजिनाचा. टायरचे थर त्या त्या जोराच्या हिशोबानेच जोडलेले असतात, आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचाही दिशा धरून कापलेल्या असतात.

नवा टायर त्याच मापाचा, 90/90-17. जाड टायर त्याच रिमवर बसवला तर दोन्ही बाजूंनी आवळला जाऊन मध्ये टोकदार होतो. वळताना गाडी आधी आळस करते, मग एकदम कोसळल्यासारखी कलते. जवळच लिमड्याला टायरचा एवढा मोठा कारखाना असलेल्या शहरात माप वाचणारे इतके कमी कसे, हे मला कळत नाही.

सकाळी 9.30
मेन स्टँड लावला, इंजिनाखाली फळी दिली, पुढचं चाक उचललं आणि हँडल दोन बोटांनी डावी-उजवीकडे फिरवलं. बरोबर मध्यावर ते अडकतं. बॉलरेसर, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. वाट्यांत छर्‍यांनी खड्डे पाडलेत. गाडी सरळ जाते तेव्हा छरे त्या खड्ड्यांत बसलेले असतात, वळायला लागलं की हँडल आधी नकार देतं आणि मग सुटतं. या पोराचं ‘चाक सुटतं’ यातलं निम्मं इथलंच आहे, असं माझं मत. शॉकअप उघडण्याआधी मी हे नेहमी बघतो. खूप जण उलटं करतात, महागडं तेल भरतात आणि रेसर तसाच राहतो.

वाट्या ठोकून काढायला आणि नवीन बसवायला दुपार होते. नट किती आवळायचा, ही हाताची गोष्ट. सैल राहिला तर ब्रेक मारताना ठक् वाजतं, जास्त आवळला तर कमी वेगात गाडी झिंगते.

दुपारी 1.00
मधे एक ताई स्कूटर घेऊन आल्या, “दादा, ब्रेक लागत नाही.” केबल आवळून दिली, दहा मिनिटांत गेल्या. मग सेव-उसळ. तिखट रस्सा आणि पाव, मे महिन्यातसुद्धा. याचा इलाज नाही.

दुपारी 2.30
आता शॉकअप. खालचा स्क्रू सोडला तर तेल काळंमिट्ट, आणि दोन पायांत सारखं नाही. एका बाजूने सील गळून कमी झालेलं. स्प्रिंगा मोजल्या, अजून मापात आहेत. सील बदलली. तेल कंपनीने सांगितलेलंच, दोन्हीकडे एकाच पातळीला. पोरगा म्हणाला, “जरा जाडं टाका ना काका, ब्रेक मारल्यावर पुढून खूप बसते.” जाडं तेल टाकलं की शॉकअप दबल्यावर वर यायला वेळ घेतो. लागोपाठ खड्डे आले तर तो दबलेलाच राहतो आणि चाक रस्ता सोडतं. बसते त्याचा इलाज स्प्रिंगवर करायचा.

फोर्कच्या पाईपावर केबल टाय बांधला. पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण ताणला तेव्हा एक माप घेतलं, मग पोराला जॅकेट-हेल्मेटसकट बसवून दुसरं. सीलच्या घर्षणामुळे एकच माप खोटं बोलतं, म्हणून एकदा दाबून हळू सोडायचं, एकदा उचलून हळू सोडायचं, आणि दोन्हींचा मध्य धरायचा. 55 मिमी आलं. फोर्कची पूर्ण चाल साधारण 130, त्यातली तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बसायला हवी. स्प्रिंगवर 12 मिमीचा पाईपचा तुकडा आणि वायसर घातला, माप 43 वर आलं. सगळंच बसणं काढून टाकू नये. चाक खड्ड्यात खाली जाऊ शकलं तरच टायर रस्त्याला धरून राहतो.

माझे आजोबा फिटरचं काम कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं ते कलाभवन म्हणजेच आज या पोराची फॅकल्टी. तो स्प्रिंगचं गणित माझ्यापेक्षा भराभर करतो. पण मागचे शॉकअप पाच खाचांपैकी सगळ्यात मऊ खाचेवर आहेत, आणि मागे मित्र बसतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मागचा भाग दबला की पुढचा हलका होतो, फोर्कचा कोन आडवा पडतो, आणि माचीच्या चढावर पुढच्या टायरवर वजनच उरत नाही. सी-पाना घेऊन दोन्ही बाजू तिसऱ्या खाचेवर केल्या. यासाठी खर्च शून्य.

संध्याकाळी 5.30
राजमहाल रोडने कीर्तिस्तंभापर्यंत गाडी मी स्वतः नेली. मध्यावरची अडकण गेली. मग तो बसला, मी मागे. एकच गोष्ट करायला सांगितली: पुढचा ब्रेक आधी हलका दाब, वजन पुढे येऊ दे, मग वाढव. एकदम दाबला तर वजन यायच्या आतच टायर घसरायला बघतो. “पण एबीएस आहे ना?” 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, चांगलंच झालं. ते चाक लॉक होऊ देत नाही, पकड मात्र टायरचीच असते.

संध्याकाळी 7.00
हिशोब. टायर, रेसर, सील, तेल, मजुरी. पाईपच्या तुकड्याचे पैसे लावले नाहीत, नळवाल्याकडून उरलेला होता. नवा टायर पहिले दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, वळणं हळूहळू वाढव, म्हटलं. या रविवारी पावागड नको. त्याने मान हलवली, म्हणजे तो जाणार.

मागचा स्विंगआर्मचा बुशही थोडा हलतोय. मंगळवारी गाडी रात्रीच आणून ठेव, असं सांगून पाठवलाय.