गाठ निघाली, पण रिपोर्ट पाहिला का?
'गाठ काढली, आता काळजी नाही,' असं घरात सहज म्हणतात. तुकड्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत असं म्हणूच नये, मैत्रिणींनो. मूत्राशयाचे बहुतेक कॅन्सर आतल्या अस्तराचे, म्हणजे युरोथेलियल जातीचे असतात. स्मॉल सेल जात क्वचितच सापडते. पण ती भराभर पसरते, ऑपरेशननंतरही धोका जास्त. म्हणून तिला केमोथेरपी लागतेच, नुसतं ऑपरेशन पुरत नाही. गाठ स्नायूत शिरली का, हेही त्याच कागदावर कळतं.

आमच्या नेकनूरच्या एका काकूंच्या लघवीतून रक्त जायचं. दुखत नव्हतं, म्हणून 'उष्णता झाली' म्हणत त्यांनी चार महिने अंगावर काढलं, धने-जिऱ्याचं पाणी पीत. पाळी गेलेल्या बाईनं तर असं एक दिवसही थांबू नये! काकूंची गाठ अस्तरापुरतीच निघाली, हे नशीब. तरी ती परत होऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आहेच.

आपल्याला मुंबईपेक्षा बार्शी जवळ. खेड्यांतल्या कॅन्सरची देशातली पहिली नोंदणी १९८७मध्ये बार्शीलाच सुरू झाली, तिथं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. कुठंही जा, जुना रिपोर्ट न्या आणि लॅबकडून तुकड्याच्या काचपट्ट्याही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना त्या पुन्हा तपासता येतात.