ट्रिपल कुठे ठेवायचे?

मक्याच्या गुणसूत्रांवर कॉर्नेल विद्यापीठात कोण काम करतं, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण त्याचं उत्तर वनस्पतिशास्त्र, कृषी, जनुकशास्त्र अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेलं असतं. ही विखुरलेली माहिती जोडून दाखवण्यासाठी २००३ मध्ये कॉर्नेलच्या ग्रंथालयात 'व्हिव्हो' तयार झालं. २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने त्याला मोठं अनुदान दिलं आणि पुढे हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अनेक देशांतल्या विद्यापीठांत पोचलं. सिमँटिक वेबच्या, म्हणजे संगणकालाही अर्थ कळेल अशा रीतीने माहिती जोडण्याच्या, तत्त्वांवर उभ्या राहिलेल्या अ‍ॅप्लिकेशनची आवृत्ती बदलताना नेमकं काय घडतं आणि त्याची माहिती कुठे साठवावी, हे समजून घ्यायला व्हिव्हो फार चांगलं उदाहरण आहे.

व्हिव्होतली माहिती ट्रिपलमध्ये असते. ट्रिपल म्हणजे तीन भागांचं एक विधान: कोणाबद्दल, कोणता गुणधर्म, कोणतं मूल्य. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९२७ मध्ये कॉर्नेलमधून पीएचडी मिळवली, एवढी साधी गोष्ट घेऊ. व्यक्ती आणि विद्यापीठ थेट जोडलं, तर वर्ष कुठे लिहिणार? म्हणून मध्ये 'पदवीप्रदान' नावाचा एक स्वतंत्र बिंदू येतो. एक विधान त्याला व्यक्तीशी जोडतं, दुसरं पदवीशी, तिसरं संस्थेशी, चौथं वर्षाशी. लेखकत्व आणि नेमणूक यांचंही तसंच. लेख आणि लेखक यांच्यामध्येही असा एक बिंदू असतो. माहिती मांडण्याची ही रीत अतिशय प्रामाणिक आहे, कारण कोणतीही नोंद तिच्या संदर्भासकट राहते. पण सहलेखकांची यादी काढायची, तर व्यक्तीकडून लेखकत्वाकडे, तिथून लेखाकडे, लेखाकडून दुसऱ्या लेखकत्वाकडे आणि मग दुसऱ्या व्यक्तीकडे जावं लागतं. साठ्याची निवड करताना ही साखळी सतत डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

व्हिव्होत खरं तर दोन साठे असतात आणि गडबड बहुधा इथेच होते. एका साठ्यात लोकांना दिसणारी माहिती असते, म्हणजे संशोधक, लेख, अनुदानं. दुसऱ्यात वापरकर्त्यांची खाती, परवानग्या आणि पानांची मांडणी असते. पहिलाच साठा हलवला आणि दुसरा विसरला, तर संकेतस्थळ उघडेल, पण संपादकांना आत जाता येणार नाही.

आता आवृत्ती बदलण्याकडे वळू. व्हिव्होच्या १.९ वरून १.१० वर जाताना साठ्याच्या फायली जशाच्या तशा नव्या आवृत्तीला देऊन चालत नाही. व्हिव्हो ट्रिपल हाताळण्यासाठी अपाचे जेना ही जावा लायब्ररी वापरतं. १.१० मध्ये जेना दुसऱ्या पिढीतून तिसऱ्या पिढीत गेली. त्यामागचं कारण त्याहून जुनं आहे. २०१४ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ट्रिपलसाठीचं आरडीएफ १.१ हे मानक जाहीर केलं आणि त्यात मजकुराच्या मूल्यांबद्दलचा एक नियम बदलला. आधी 'मका' हा नुसता मजकूर आणि 'मका' हा 'स्ट्रिंग' असा प्रकार जोडलेला मजकूर, ही दोन वेगळी मूल्यं मानली जात. नव्या नियमानुसार ती एकच झाली. मराठी भाषेची खूण लावलेला 'मका' मात्र वेगळाच राहिला. २०१५ मध्ये आलेल्या जेना ३ ने हा नियम अमलात आणला. म्हणजे डिस्कवर मूल्य जुन्या रूपात नोंदलेलं, आणि प्रश्न विचारला जातो नव्या रूपात. नोंद असूनही ती सापडत नाही, आणि चूकसंदेश येईलच असंही नाही. म्हणून सगळी माहिती जुन्या जेनाने बाहेर काढायची आणि नव्या जेनाने आत भरायची. व्हिव्होच्या चमूने यासाठी दोन छोटी साधनं दिली आहेत, एक जुन्या जेनावर चालणारं आणि एक नव्या.

ही उठाठेव त्रासाची वाटते, पण मला ती सिमँटिक वेबची मोठी ताकद वाटते. बाहेर निघणारी फाइल साध्या मजकुराची असते, तिचा साचा सार्वजनिक मानकात ठरलेला असतो आणि ती कोणत्याही ट्रिपल साठ्यात भरता येते. साठा बदलायचा विचार असेल, तर त्यासाठी याहून चांगली वेळ नाही. माहिती एवीतेवी बाहेर निघालेलीच आहे.

बाहेर काढताना साचा मात्र नीट निवडायचा. व्हिव्होतले ट्रिपल नाव दिलेल्या वेगवेगळ्या ग्राफमध्ये, म्हणजे गटांमध्ये, वाटलेले असतात. संपादकांनी भरलेली विधानं एका ग्राफमध्ये, आणि अनुमानयंत्राने त्यांवरून काढलेली दुसऱ्यात. कोणी 'सहायक प्राध्यापक' आहे असं भरलं, तर ती व्यक्ती 'अध्यापक' आहे हे विधान यंत्र स्वतः जोडतं. एन-ट्रिपल्स साच्यात ग्राफचं नाव लिहायला जागाच नाही. त्यात माहिती काढून परत भरली, की माणसाने लिहिलेलं आणि यंत्राने काढलेलं एकत्र मिसळतं. पुढे ती व्यक्ती प्रशासनात गेली आणि संपादकाने मूळ नोंद बदलली, तरी 'अध्यापक' हे विधान तसंच राहतं. यंत्राला आता ते माणसाने भरलेलं वाटतं, म्हणून ते त्याला हात लावत नाही. ग्राफचं नाव सांभाळणारा एन-क्वाड्स किंवा ट्रिग साचाच इथे घ्यायला हवा.

मग हे भरायचं कुठे? जुनी वाट एसडीबीची. जेनाच्या या भागात ट्रिपल मायएसक्यूएलसारख्या रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवले जातात. एका टेबलात सगळी मूल्यं आणि प्रत्येकाचा हॅश, म्हणजे त्याची आकड्यातली खूण, दुसऱ्यात त्या हॅशांनी बनलेली विधानं. सहलेखकांची साखळी शोधायची, की विधानांचं तेच टेबल स्वतःशीच पुन्हा पुन्हा जोडावं लागतं आणि शेवटी प्रत्येक हॅशचा मजकूर मिळवायला मूल्यांच्या टेबलाशीही. रिलेशनल डेटाबेस अशा कामासाठी बनलेला नाही. त्याला वेगवेगळी टेबलं, वेगवेगळे स्तंभ आणि त्यांची आकडेवारी हवी असते. इथे त्याला एकच लांबलचक टेबल दिसतं. एसडीबीचा खरा फायदा वेगळा होता: संगणक विभागातल्या माणसांना मायएसक्यूएलचा बॅकअप घेता येत होता. हा फायदा कमी लेखू नये. पण जेना प्रकल्पाने एसडीबी निवृत्त केला आहे, त्यामुळे नव्याने त्यात शिरण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट टीडीबीची, आणि व्हिव्होच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ निवडही तीच आहे. इथे मध्ये दुसरा डेटाबेस नाही, जेना स्वतःच डिस्कवरच्या फायली सांभाळते. प्रत्येक मूल्याला आठ बाइटचा क्रमांक मिळतो. पूर्णांक आणि तारखा तर बहुतेक वेळा त्या क्रमांकातच मावतात, त्यांच्यासाठी वेगळं शोधायला जावं लागत नाही. मग प्रत्येक विधान वेगवेगळ्या क्रमाने लावून ठेवलेलं असतं. ग्राफचं नाव नसलेल्या विधानांसाठी असे तीन क्रम, असलेल्यांसाठी सहा. व्यक्ती माहीत असेल तर एका क्रमाने शोध, मूल्य माहीत असेल तर दुसऱ्या. साखळी कुठूनही सुरू झाली, तरी पुढचं पाऊल लगेच सापडतं. जागा जास्त लागते, पण या कामाला तो सौदा योग्य आहे.

टीडीबीच्या अटी मात्र कडक आहेत. एका वेळी एकच जावा प्रक्रिया त्या फायली उघडू शकते. व्हिव्हो चालू असताना बाहेरून दुसऱ्या साधनाने त्या उघडायला जाऊ नये, आणि चालू साठ्याच्या फोल्डरची नुसती नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. नक्कल होत असताना काही फायली आधीच्या क्षणाच्या राहतात, काही नंतरच्या. व्हिव्हो ज्यावर चालतं तो टॉमकॅट सर्व्हर थांबवूनच नक्कल घ्यावी, किंवा माहिती मजकुराच्या रूपात बाहेर काढावी. फायली सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर असाव्यात, नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर नकोत. आणखी एक गोष्ट हमखास उलटी केली जाते: सर्व्हर मंद वाटला, की जावाला जास्तीत जास्त मेमरी देऊन टाकतात. टीडीबी आपल्या फायली ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतून वाचतं. जावाने सगळी मेमरी अडवली, तर टीडीबीला काहीच उरत नाही.

तिसरी वाट बाहेरच्या साठ्याची: व्हर्च्युओसो, ग्राफडीबी किंवा जेनाचाच फ्युसेकी सर्व्हर. व्हिव्हो त्यांच्याशी स्पार्क्ल या ट्रिपलसाठीच्या प्रश्नभाषेत बोलतं. इतर प्रोग्रॅमनाही तीच माहिती वाचायची असेल, तर ही वाट बरोबर आहे. पण व्हिव्होचं एक पान दाखवायला अनेक लहान लहान प्रश्न विचारले जातात आणि इथे प्रत्येक प्रश्न नेटवर्कवरून जाऊन येतो. दोन्ही सर्व्हर जवळ असतील तरच हे पेलतं.

वेगाच्या जोडीने आणखी एक कसोटी लावावी: या साठ्याची देखभाल कोण करतंय? विकिडेटाने २०१५ मध्ये आपल्या प्रश्नसेवेसाठी ब्लेझग्राफ हा ट्रिपल साठा निवडला. तेव्हा तो उत्तम होता. पुढे त्याचा विकास जवळजवळ थांबला, विकिडेटा मात्र वाढत राहिला. दीड हजार कोटींच्या आसपास ट्रिपल झाल्यावर विकिडेटा चालवणाऱ्या विकिमीडियाला ग्राफचे दोन तुकडे करावे लागले, एक संशोधनलेखांचा आणि एक बाकी सगळ्याचा. एका विद्यापीठाची माहिती या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. म्हणूनच एकाच सर्व्हरवर व्हिव्हो चालवणाऱ्या संस्थेला मी टीडीबीच सुचवेन.

भरताना नेहमी रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात करावी. भरणं मध्येच तुटलं, तर अर्धवट साठ्यावर पुन्हा भरू नये. तो साठा बिघडलेला असू शकतो. शिवाय स्वतःचा पत्ता नसलेले बिंदू प्रत्येक वेळी नवे मानले जातात, म्हणून ते दुप्पट होतात. भरून झाल्यावर प्रत्येक ग्राफमधले ट्रिपल मोजून जुन्या आकड्यांशी ताडून पाहावेत. नवा आकडा थोडा कमी आला, तर घाबरायचं कारण नाही. जुन्या साठ्यात एकच मजकूर दोन रूपांत नोंदलेला असेल, तर आता ते दोन ट्रिपल एक झाले आहेत. पण ही घट त्यानेच झाली आहे ना, हे जुन्या साठ्यावर प्रश्न चालवून तपासता येतं आणि तपासायलाच हवं. आकडा वाढला असेल, तर आधी पत्ता नसलेले बिंदू पाहावेत.

व्हिव्हो शोधासाठी वापरतं त्या सोलर या शोधयंत्राचा निर्देशांक हलवण्याच्या फंदात पडू नये. तो ट्रिपलवरूनच बनतो, नव्याने बांधता येतो. १.११ पासून सोलर वेगळा चालवावा लागतो, हे मात्र आधीच लक्षात घ्यावं. आधी अनुमानं पुन्हा काढून घ्यावीत, मग निर्देशांक बांधावा, कारण शोधातले गट अनुमानांवर अवलंबून असतात. त्यानंतर खूप लेख असलेल्या एखाद्या संशोधकाचं पान उघडून सहलेखकांचं जाळं नीट येतंय का, नावांतली देवनागरी किंवा जर्मन अक्षरं शाबूत आहेत का, आणि साध्या संपादकाच्या खात्याने आत जाता येतंय का, ते पाहावं. हे तिन्ही जमलं, की संकेतस्थळ लोकांसाठी उघडायला हरकत नाही.