‘मॅग व्हील’मधलं मॅग्नेशियम आणि धातूचा थकवा

आमच्या कोल्हापुरात बाईकच्या अलॉय व्हीलला सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. पण रोजच्या बाईकचं चाक बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. खरं मॅग्नेशियमचं चाक मोटोजीपीच्या रेसिंग बाईकला लागतं, कारण ते हलकं. एका घन सेंटिमीटरचं वजन बघा: लोखंड 7.87 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम 2.70, मॅग्नेशियम फक्त 1.74.

मग सगळीकडे तेच का नाही? एक कारण म्हणजे फटीग, धातूचा थकवा. बाइंडिंग वायर एकदा वाकवून तुटत नाही, पण सारखी वाकवली की तुटते. चाकावरही प्रत्येक फेरीत ताण येतो आणि जातो.

मॅग्नेशियमचे अणू षटकोनी रचनेत असतात. फोर्ज केलेला धातू दाबला की स्फटिकाचा काही भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा वळतो, ताणला की बराचसा परत येतो. हे हजारो वेळा झालं की बारीक चीर पडते. ओतीव कामात ती बहुधा ब्लोहोलपासून सुरू होते. शिरोलीच्या फाउंड्रीत लोखंड ओतणाऱ्यांनाही हा शब्द चांगलाच माहीत आहे.

मी तर सांगेन, चाक कुठल्याही अलॉयचं असो, केसाएवढी चीर दिसली तरी वेल्डिंग करून चालवू नका. सरळ बदला.