एवढ्याशा पोटाची मोठी भूक

"आई, लवकर ये! चिंगी चालता चालता पडतेय!"

डिसेंबरातली सकाळ होती. सोलापूरला कसली आलीय थंडी, असे बाहेरगावचे लोक म्हणतात. पण पहाटे फरशीवर पाय ठेवून बघावा म्हणजे कळते! मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. चिरंजीवांची हाक ऐकून तशीच पिठाच्या हातांनी मागच्या खोलीत धावले. आमची चिंगी, म्हणजे पांढऱ्या लोकरीचा जेमतेम एक किलोचा गुंडा, गोणपाटावर आडवी पडली होती. उभी केली की पाय लटपटत, मान एका बाजूला कलंडे. डोळे उघडे, पण ओळख नाही.

चिंगी घरात येऊन दहाच दिवस झाले होते. ह्यांच्या एका मित्राकडच्या कुत्रीला चार पिल्ले झाली, त्यातले एक आमच्याकडे आले. पिल्लू अवघे सहा आठवड्यांचे. आठ आठवडे तरी ते आईपाशी राहायला हवे, हे तेव्हा ना त्यांना ठाऊक, ना आम्हांला. मी आपली घरातल्या रिवाजाप्रमाणे दुधात पोळी कुस्करून सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे ठेवत होते. पोळी अर्थात आदल्या दिवशीची. आमच्याकडे शिळ्या पोळीचे दोन वाटेकरी ठरलेलेच. एक मी, आणि आता दुसरी चिंगी!

दूध घालणारी बाई दोन दिवसांपूर्वीच म्हणाली होती, "वैनी, लई बारीक दिसायलंय की पिल्लू!" मी हसण्यावारी नेले. लहान जातीचे आहे, बारीकच असणार, असे म्हणाले.

ह्यांनी स्कूटर काढली. मी पिल्लाला शालीत गुंडाळून मागे बसले. डॉक्टरांची मुलगी माझ्याच वर्गात, त्यामुळे ते मला 'बाई'च म्हणतात. त्यांनी चिंगीच्या हिरड्या पाहिल्या, त्यांवर बोटाने ग्लुकोजचे पाणी चोळले, अंगाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि मला विचारले, "बाई, शेवटचं कधी खाल्लं हिनं?"

"काल रात्री आठला. दूध-पोळी."

"आणि आत्ता वाजले आठ. बारा तास! अहो, पोट केवढं हिचं? लिंबाएवढं. त्यातलं दूध तासा-दोन तासांत जिरतं. नंतर रात्रभर थंडीत अंग गरम कशावर ठेवणार ती? रक्तातली साखर उतरली, दुसरं काही नाही."

पंधरा-वीस मिनिटांत चिंगीने मान उचलली. माझ्या जिवात जीव आला; पण मनातून फार ओशाळले. वर्गात मुलींना समतोल आहार शिकवणारी मी, आणि घरातल्या एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवले होते. तेही लाड करता करता! म्हणूनच तेव्हापासून डॉक्टरांना विचारून, वाचून आणि अनुभवाने जे शिकले, ते मैत्रिणींसाठी लिहीत आहे. आजकाल घरोघरी अशी छोटी कुत्री दिसतात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' चित्रपटात पांढरा टफी सगळ्यांनी पाहिला, आणि तसेच पिल्लू हवे म्हणून मुलांनी हट्ट धरले. आपण ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतो, ते आपल्याकडे बहुधा इंडियन स्पिट्झ असते. लहान चणीचे असले तर मोठेपणी पाच ते सात किलो भरते. खरे पॉमेरेनियन त्याहून लहान, दोन-तीन किलोचे. जात कुठलीही असो, लहान चणीच्या पिल्लाचे गणित एकच.

पोट लहान, भूक मोठी

आपला समज असा, की लहान कुत्र्याला थोडे खाणे पुरते. एकूण माप थोडे, हे खरेच; पण वजनाच्या मानाने पाहिले तर उलटे आहे. दीड किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला पावणेतीनशे ते तीनशे कॅलरी लागतात. म्हणजे किलोमागे आपल्यापेक्षा पाचपटीहून जास्त! आणि पोट लहान, अंगात साठा नाही. म्हणून त्याला एका वेळी थोडे, पण वारंवार द्यावे लागते. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, वर्षापर्यंत दोन-तीन वेळा आणि पुढे दोन वेळा. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाचे रात्रीचे शेवटचे खाणे झोपण्यापूर्वी आणि सकाळचे पहिले उठल्याबरोबर, हा नियम तर मोडायचाच नाही.

पिल्लू लटपटू लागले, सुस्त पडले, तर मध किंवा साखरेचे पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावे, उबेत ठेवावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

दूध-पोळीचे काय चुकले?

पोळी-भाकरी कुत्र्याला पचतच नाही असे नाही. हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहून कुत्रा पिष्ट पचवायला शिकला आहे. लांडग्यापेक्षा त्याची ही ताकद कितीतरी अधिक, असे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण पचणे वेगळे आणि वाढीला पुरणे वेगळे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतो, दुधातली साखर मात्र कमी. त्या दुधावरून पिल्लू एकदम गाईच्या दुधावर आणि पोळीवर आणले, की एकीकडे प्रथिने कमी पडतात आणि दुसरीकडे दुधातली साखर न पचून जुलाब होतात. चिंगीला झालेच होते. त्यापेक्षा ताजे, आंबट नसलेले दही चमचाभर पचते.

नुसते मांस घालणाऱ्यांचेही चुकते बरे का! मांसात कॅल्शियम फारच थोडे. त्यावरच वाढवलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात.

पाकीट घ्यावे, पण वाचून

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "बाई, पिल्लाला पुरेल असा संपूर्ण आहार घरी जमवणं सोपं नाही. वर्षभर मुख्य खाणं पिल्लांचं तयार अन्न ठेवा. घरचं द्या, पण तोंडी लावण्यापुरतं." मग मी दुकानात गेले, तर एका भिंतीला नुसती पाकिटेच पाकिटे! दुकानदार सांगेल ते न घेता मी आता एवढे पाहते:

पाकिटावर 'पपी' असे लिहिलेले हवे, आणि 'स्मॉल ब्रीड' असेल तर उत्तम, कारण दाणे बारीक असतात. मोठे दाणे छोट्या जबड्यात मावत नाहीत. हा संपूर्ण आहार आहे की नुसता खाऊ, तेही बघावे. 'कम्प्लीट' शब्द शोधावा. प्रथिने शेकडा २२ हून अधिक, स्निग्धांश शेकडा ८ हून अधिक आणि कॅल्शियम शेकडा १.२ ते १.८ च्या दरम्यान असावे. घटकांच्या यादीत पहिले नाव सर्वांत जास्त वजनाच्या पदार्थाचे असते. तिथे मांस, मासे असे काही दिसले तर बरे. बनवल्याची तारीख पाहावी. आणि उघड्या पोत्यातले सुटे दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. आपल्या उन्हाळ्यात त्यातली चरबी लवकर खवट होते.

अशा कोरड्या अन्नात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दीड किलोच्या पिल्लाला दिवसाचे ७०-८० ग्रॅम, चार वेळांत विभागून. पाकिटावरचा वजनाचा तक्ता पाहून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजावे, ते ज्या वाटीत बसेल ती वाटीच बाजूला काढावी. लहान पिल्लाला दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून द्यावेत. नवे अन्न एकदम सुरू करू नये. सात दिवसांत जुने कमी, नवे जास्त करत जावे.

'माझ्या गॅसवर अंडं नको!'

घरचे काय द्यायचे, हा प्रश्न निघाला आणि आमच्याकडे महाभारत सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, उकडलेले अंडे उत्तम. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गॅसवर अंडं शिजायचं नाही." त्यांचेही बरोबर. पन्नास वर्षांचा नेम कुत्र्यापायी का मोडावा? मी वाद घातला नाही. डॉक्टरांना पुन्हा विचारले. ते म्हणाले, मुख्य खाणे पाकिटातले असेल, तर अंड्यावाचून अडत नाही. वरून घरचे ताजे पनीर, दही, मऊ शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर चमचाभर द्या. ज्यांना चालते त्यांनी उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा किंवा बिनमसाल्याचे, हाड काढलेले शिजवलेले चिकन द्यावे. मात्र केवळ वरण-भातावर पिल्लू वाढवू नये. ज्यांना पाकीट नकोच असेल, त्यांनी पशुवैद्यकाकडून प्रमाण लिहून घेतल्याशिवाय घरचा आहार ठरवू नये.

आपल्या ताटातले विष

सर्वांत महत्त्वाचे हे. आपल्याला जे पथ्याचे, ते त्यांना विष ठरू शकते.

कांदा आणि लसूण कच्चा, शिजवलेला, फोडणीतला, कुठलाच नको. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आमटी-भात, रस्सा बाद. आपली लाडकी शेंगाची चटणीही बाद. शेंगदाणे बिचारे निरुपद्रवी, पण लसूण, तिखट आणि मीठ आहे ना त्यात!

द्राक्षे आणि बेदाणे तर मुळीच नकोत. आपला जिल्हा द्राक्षांचा, पंढरपूरला बेदाण्याचा बाजार. घरात डबा भरलेला असतो, आणि प्रसादाच्या शिऱ्यातले चार बेदाणे सहज खाली पडतात. एखाद्या कुत्र्याला एवढ्यानेही मूत्रपिंडाचा विकार होतो. कुणाला बाधेल, कुणाला नाही, हे आधी सांगता येत नाही. अलीकडे तज्ज्ञांचा संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असते. तेव्हा चिंच घातलेलेही टाळावे.

चॉकलेट आणि मधुमेहींसाठीच्या बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगगम हाती लागू देऊ नये. त्यांत झायलिटॉल असले तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. शिजवलेली हाडे फुटून त्यांची टोके आतड्यात रुततात. दिवाळीचा तळलेला फराळ स्वादुपिंडाला सुजवतो.

आणि बिस्किटे! चहाबरोबर 'एकच' म्हणत प्रत्येकजण एकेक देतो. चार-पाच ग्लुकोज बिस्किटे म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी. पाच किलोच्या मोठ्या कुत्र्याची दिवसाची गरजच पावणेचारशेच्या आसपास! असा वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. ह्या छोट्या जातींना लठ्ठपणा भारी बाधतो. गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका दबून धाप लागते. फासळ्यांवरून हात फिरवावा. बोटांना लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत, हे माप सोपे.

उन्हाळ्याची काळजी

आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला, की भिजवलेले अन्न बघता बघता आंबते. अर्ध्या तासात उरलेले उचलावे, भांडे घासून ठेवावे. दुपारचे खाणे उशिरा द्यावे, सकाळचे लवकर. पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे आणि दोन-तीनदा बदलावे. दाण्यांचे पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवावे. जंत आणि लसीच्या तारखा मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. पोटात जंत असले तर कितीही चांगले घाला, अंगी लागत नाही.

चिंगी आता आठ महिन्यांची आहे, चार किलो भरते. दर रविवारी चिरंजीव तिला काट्यावर ठेवतात आणि वजन कॅलेंडरवर लिहितात.

पण खरी गंमत पुढेच आहे. सुरुवातीला रात्री साडेदहाचे शेवटचे खाणे कोण देणार, हा प्रश्न होता. मी दिवसभराची दमलेली, नऊलाच डोळे मिटायचे. एक दिवस उशिरा जाग आली म्हणून धावत मागच्या खोलीत गेले, तर सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून चिंगीची वाटी भरत होत्या. "मला कुठं झोप येतीय? मी देईन की. तू झोप जा," म्हणाल्या. मग वाटीतले दाणे बोटाने सारखे करत म्हणाल्या, "हिला वेळेवर, मोजून, ताजं. आणि तू? दुपारी काय खाल्लंस आज?"

मी गप्प. शाळेतून येऊन शिळी पोळी चहाबरोबर खाल्ली होती.

"उद्यापासून पोळ्या मोजून लाट," एवढेच म्हणून त्या पुन्हा जपाला बसल्या.

तेव्हापासून आमच्या घरात शिळ्या पोळीचा वाटेकरी कुणी नाही. क्वचित उरलीच, तर दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी होते, आणि ती सगळेजण मिळून खातात. चिंगी सोडून, तिच्या वाट्याला कांदा चालत नाही!