भिंतीवरचे तांदूळ : जिव्या सोमा म्हसे यांची चित्रकला

रंगाचें दुकान, तयार कुंचला आणि ताणून बसविलेला कॅनव्हास यांवांचून मनुष्यास चित्रकार होतां येतें काय, असा प्रश्न कोणी केला तर शहरांतला सुशिक्षित गृहस्थ क्षणभर घुटमळेल. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या आयुष्यांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

म्हसे यांचा जन्म १९३४ सालीं तलासरी तालुक्यांतील धामणगांव येथें झाला. तो मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. बालपणींच आईचें छत्र हरपलें आणि मुलाची वाचा जणूं मिटली. तोंडानें बोलण्याऐवजीं तो धुळींत रेघा ओढून आपलें मनोगत सांगूं लागला, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें. चित्रकलेच्या शाळेंत ते कधीं शिकले नाहींत. पाड्यावरची भिंत हीच त्यांची शाळा.

वारली समाजांत भिंतीवर चित्र काढणें हें मूळचें स्त्रियांचें काम. घरांत लग्न निघालें कीं सवासिनी भिंतीवर चौक लिहितात. चित्र ‘काढणें’ नव्हे, ‘लिहिणें’ हाच तेथला शब्द. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी असते आणि लग्नविधि चालविणारी धवलेरी गाणीं म्हणून देवतांस पाचारण करते. चौक हा शोभेचा भाग नव्हे. तो लग्नाचा आवश्यक विधि आहे.

आतां या चित्राचें साहित्य पाहावें. घराच्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या वा बांबूच्या काठ्या गुंफून उभ्या केलेल्या. त्यांवर माती आणि शेण यांचा लेप देतात. शेणांत न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीला धरून ठेवतात आणि वाळतांना तिला फार भेगा पडूं देत नाहींत. त्यावर गेरूचा हात फिरवितात. गेरूचा तांबडेपणा हा लोखंडाच्या गंजाच्याच जातीचा. तो उन्हानें विटत नाहीं. पांढरा रंग तांदळाचा. तांदूळ वाटून, पाण्यांत कालवून, कधीं थोडा डिंक घालून तो तयार होतो. बांबूच्या काडीचें टोंक चावून मऊ केलें कीं कुंचला झाला. या सर्व यादींत बाजारांतून आणावी लागणारी वस्तु जवळजवळ नाहीं, आणि टाकून दिल्यावर जमीन किंवा पाणी नासवील अशीही एक नाहीं. भिंत पुन्हां सारवली कीं चित्र मातीस मिळतें. पुढच्या लग्नाला नवा चौक!

१९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर गेले. बिहारांतील मिथिलेच्या स्त्रियांस दुष्काळाच्या दिवसांत कागदावर चित्रें काढण्यास उत्तेजन देणारे तेच. त्यांच्यामुळें पाड्यांवर कागद पोंचला आणि म्हसे यांच्या रेघेचें सामर्थ्य बाहेरच्या जगास कळलें. म्हसे यांनीं केवळ लग्नाच्या चौकावर न थांबतां रोजचें जीवन हातीं घेतलें : शेती, मासेमारी, तारप्याच्या सुरावर वळसे घेत चालणारा नाच, झाडें, पांखरें. दोन त्रिकोण टोंकास टोंक लावून केलेली माणसाची आकृति परंपरेचीच. पण त्यांच्या हातीं ती धांवूं लागली, वांकूं लागली. मासळीच्या जाळ्याच्या चित्रांत तर बारीक रेघांचें विणकाम सारा पृष्ठभाग व्यापून टाकतें.

१९८९ सालीं पॅरिस येथील जगभरच्या कलावंतांच्या मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें होतीं. २००३ सालीं जर्मनींतील ड्यूसेलडॉर्फ येथें रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारीं तीं मांडलीं गेलीं. नदीचा चिखल हातानें भिंतीवर लावून चित्र करणारा तो इंग्रज कलावंत आणि शेणामातीचा हा वारली चित्रकार यांची जोडी विजोड खास नव्हती. २०११ सालीं म्हसे यांस ‘पद्मश्री’ मिळाली. मे २०१८ मध्यें ते निवर्तले.

या यशांतच एक अडचण दडलेली आहे. भिंतीवरचें चित्र पुसलें जावयाचेंच असतें. विकत घेतलेलें चित्र मात्र टिकावें लागतें. तांदळाचा रंग घासला तर झडतो आणि पिठाला कीड लागते. म्हणून म्हसे यांच्या कित्येक कॅनव्हासांवर जमीन शेणाची राहिली, पण पांढरी रेघ अॅक्रिलिकची झाली. आणि अॅक्रिलिक हें प्लास्टिकच्याच कुळांतलें द्रव्य. याचा दोष चित्रकाराच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. देवीला चित्र चार दिवस पुरतें, गिऱ्हाइकाला तें जन्मभर हवें असतें. तिकडे पाड्यांवर कुडाच्या जागीं विटा आणि सिमेंट येत आहे. सिमेंटची भिंत सारवावी लागत नाहीं. आणि जी सारवावी लागत नाहीं, तिच्यावर नवें चित्र लिहिण्याची निकडही उरत नाहीं. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. त्यानें नांव राखलें जाईल. भिंत राखली जाईलच असें नाहीं.

हा विचार मराठवाड्यासही परका नाहीं. हिंगोली-परभणीकडील जुन्या माळवदी घरांच्या भिंती सणासुदीला पांढऱ्या मातीनें पोतारण्याची रीत होती. साहित्य दारचें, काम घरच्यांचें आणि पुढील सणाला पुन्हां नवें, असा तेथेंही हिशेब होता. शहरांतील मुलांस याची ओळख करून देण्यास खर्च पडत नाहीं. जाड पुठ्ठ्यावर गेरू सारवावा, मूठभर तांदूळ भिजवून बारीक वाटावे, काडीचें टोंक ठेंचून घ्यावें आणि घरांतल्या दिवसाचें एखादें चित्र लिहूं द्यावें. चार महिन्यांनीं तें पुसट झालें, तर बिघडलें कांहींच नाहीं, दुसरें लिहावें.