डिझाइनच्या फाइली कुठे ठेवाल?
सुरतेत साड्यांची डिझाइनं संगणकावर करणाऱ्या चार-पाच जणांच्या कार्यालयाला मोठा सर्व्हर नको. दोन डिस्कची नॅस पेटी, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणारी साठवणीची पेटी, पुरते. ती राउटरला केबलनेच जोडा, वाय-फायवर जड फाइल उघडताना जीव मेटाकुटीला येतो. डिस्क मिरर पद्धतीने लावल्या की दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, म्हणून एक बिघडली तरी काम चालू राहतं. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. हा बॅकअप नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन! शिवाय ऑगस्ट २००६ आठवा: उकाई धरणातून पाणी सोडलं, तापी शहरात शिरली, तळमजले बुडाले. पेटी वरच्या मजल्यावर ठेवा. वेगळ्या डिस्कवर प्रत काढून दर शनिवारी घरी न्या, अधूनमधून तिच्यातली एखादी फाइल उघडूनही पाहा.